अर्ध्यावर आटवलेलं पाणी

लिंबेवाडी, राणीसावरगावजवळ
आयतवार, २४ नोव्हेंबर २०२४

शिवानी, माझे बाई,

सगळ्यांत आधी आली ती गोजरबाई. पेढ्याचा पुडा अजून तुझ्या बापाच्या हातातच व्हता, गाडीवरून पाय खाली टेकला नव्हता, तर ही दारात हजर. म्हणली, "चन्नबसम्मा, पणजी झालीस म्हणं! कानानं ऐकू येत न्हाई, पण खबर बरी पोचली तुला." मी म्हणलं, "बस गोजरे, आधी त्वांड गोड कर, मग कडू बोल." दोन पेढे खाल्ले, तिसरा सुनेला म्हणून पदराला बांधला. तिच्या मागून मठातले नागनाथ स्वामी आले, मग सगळी गल्ली. लेकरू काचेच्या पेटीतून घरी आल्याबिगर पेढे वाटायचे न्हाईत असं मीच तुझ्या बापाला बजावलं व्हतं. आता वाटले. पोरगी झाली म्हणून कुणी नाक मुरडलं न्हाई. मुरडलं असतं तर पेढा परत घेतला असता.

काल तुझ्या बापानं फोनात लेकरू दाखवलं. इत्तुसं त्वांड, आन् कपाळ सगळं तुझ्या आज्याचं. मी गालाला हात लावाया गेले तर लेकरूच गायब! तुझा बाप म्हणला, "आई, फोन कटला ना." मी म्हणलं, कटू दे, त्या डबड्यातून मला नुसतं गुणगुण ऐकू येतंय, मला कागद दे. तू शाळेत जायचीस तवा तुझ्या पाटीवर गिरवून गिरवून अक्षर शिकले मी, ते कवा कामी यायचं?

तुझी आई तितं हाय, मला तुझी काळजी न्हाई. इथं मी, तुझा बाप आन् दोन म्हशी. तुझा बाप जेवताना बोलत न्हाई, म्हशी तरी वळून बघतात.

तुला दूध पुरत न्हाई, लेकराला डब्यातली पावडर चालू हाय असं तुझा बाप म्हणला. त्याचं काय वाटून घेऊ नको. गोजरबाईच्या सुनेचं बी तेच झालंय. विजयमाला, तू तिला बघितलं न्हाईस. दिवाळीआधी बाळंत झाली, पोरगा हाय. नवरा परमेश्वर टोळीसंगं ऊसतोडीला गेला, हिला सासूपाशी ठिवून. अंगावर दूध न्हाई. त्यांच्या नळाला आठ दिवसाला पाणी येतंय, ते बी गढूळ. मी म्हणलं, "गोजरे, माझ्या विहिरीचं ने, आन् कच्चं नेऊ नको." रोज सकाळी मी पितळी भगुणं चुलीवर ठिवते, बाळंतशोपा टाकते, पाणी अर्ध्यावर आटविते, मग तांब्या भरून देते. त्यातच त्या लेकराची पावडर कालवायची. तुझ्या बापाच्या टायमाला असंच आटवलं, तुझ्या टायमाला बी. तुझ्या आईला विचार.

आता माझं एकच मागणं हाय. येळवसला, रानातल्या अवसेच्या सणाला, लेकरू घेऊन ये. तीस डिसेंबर, सोमवार. स्वामी येणार हायत. आपल्या घरातल्या सगळ्या लेकरांच्या गळ्यात लिंग इथंच बांधलं, देवाऱ्यापुढं, आन् पहिलं तीर्थ तुझ्या आज्यानं खांदलेल्या विहिरीच्या पाण्याचं. म्हणून तर तुझ्या आईसंगं कॅन भरून पाठवली व्हती. पण कॅनमधलं पाणी आन् घरचं पाणी, फरक असतोय.

तू ये. मी तिच्यासाठी बी रोज आटवून ठिवीन.

तुझी आज्जी

*

पुणे
सोमवार, २ डिसेंबर २०२४

आज्जी, शरणार्थ.

तुझं पत्र आत्ता दुपारी हातात पडलं. हसत हसत वाचत होते. आटवलेल्या पाण्यापाशी आले आणि पत्र खाली ठेवून आधी बाबांना फोन लावला. ते आता गोजरबाईंच्या घराकडे पळालेत. इथून मला काहीच करता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आज्जी, ते पाणी त्या बाळाला आता एक थेंबही द्यायचं नाही.

नीट वाच, दोनदा वाच. तू आईबरोबर कॅन पाठवलीस ना, त्यातलं पाणी मी इथं तपासायला दिलं होतं. बाळ नऊ महिन्यांच्या आधी झालेलं, डॉक्टर म्हणाले पावडरीसाठी कुठलंही पाणी वापराल ते आधी तपासा. आपल्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट नावाचं एक द्रव्य निघालं. पंचेचाळीसच्या वर नको असतं. आपलं एकशे अठरा आलं. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही. पण लहान बाळाच्या रक्ताला ते सोसत नाही. रक्तानं अंगभर श्वास पोचवायचा असतो, ते काम त्याला जमेनासं होतं. मग ओठ, नखं जांभळी पडतात.

आणि उकळून ते जात नाही. मिठाचं पाणी चुलीवर आटवलंस तर गोड होईल का? उलट जास्त खारट होईल. हे तसंच आहे. पाणी उडून जातं, नायट्रेट भांड्यात राहतं. अर्ध्यावर आटवलं की तेवढ्याच पाण्यात दुप्पट.

तू म्हणशील मग तुझा बाप कसा जगला, तू कशी जगलीस. आम्ही आईच्या अंगावर प्यालो, आज्जी. पाणी आईनं प्यालं. आणि तेव्हा विहिरीच्या आजूबाजूला आता आहे ते सगळं नव्हतं.

रिपोर्ट येऊन दहा दिवस झाले. तुला सांगितलं नाही. आईला म्हटलं, आज्जीला कळवू नको, आजोबांच्या विहिरीचं ऐकून ती जेवायची नाही. पुढं कधीतरी समोर बसून सांगू असं ठरवलं होतं. आता वाटतंय, सांगितलं असतं तर.

येळवसला मी येणार नाही. रागावू नकोस. बाळ बरं आहे. आंघोळीच्या वेळी आईशी भांडतं.

तुझी शिवानी

*

लिंबेवाडी
आयतवार, ८ डिसेंबर

शिवानी,

लेकरू वाचलं. आधी हे वाच, मग बाकीचं.

तुझा बाप गेला तवा ते विजयमालाच्या मांडीवर निपचित पडलं व्हतं. ओठ कसे, पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावानी. दोन दिवसांपासून तसंच व्हतं. गोजरबाईला वाटलं थंडी भरली, तिनं शेगडी शेजारी ठिवली. कुणीतरी मीठ-मिरची ओवाळून टाकली. आन् मी काय केलं, सांगू? मी बी म्हणलं थंडीच असंल, आन् पाणी अर्ध्याच्या बी खाली आटवून दिलं. चांगलं घट्ट, अंगाला लागंल असं.

तुझ्या बापानं जीप करून गंगाखेडला नेलं. डॉक्टरनं पहिला सवाल विचारला, दूध कशात कालवता? तुझ्या बापानं तुझं फोनवरचं सगळं सांगितलं. डॉक्टरनं तवाच परभणीला धाडलं. तितं सुईतनं निळं औषध दिलं म्हणं. निळ्या लेकराला निळंच औषध! तुझा बाप सांगायलाय, बघता बघता लेकराचे ओठ गुलाबी झाले. मला खोटंच वाटलं. पण परवा त्याला घरी आणलं, मी लांबून बघितलं, खरंच गुलाबी हाय. रडायलंय बी जोरात. एवढं की मला बी ऐकू आलं.

लांबून म्हणते, कारण गोजरबाई माझ्याशी बोलत न्हाई. दारावरून जाती, मान तिकडं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात ती लय हुशार, तिला उत्तर द्यायला मला बी हुरूप येतोय. पण नुसतं न बोलणं, त्याला काय इलाज?

तू सांगितलं न्हाईस म्हणून मी रागावले व्हते. एक दिवस. मग वाटलं, तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का? मी म्हणलं असतं, पुण्याच्या माणसाला गोड पाणी सोसत न्हाई. आन् खरंच गोड हाय की गं! नासलेलं पाणी वास मारतंय, शेवाळ धरतंय. ह्याला ना वास, ना रंग, ना चव. चोर असावा तर असा, घरात राहून घरच्यासारखा.

तुझं पत्र आल्यापासून मी गप बसले न्हाई. तुरटी फिरवली. फडकं पाच पदरी करून गाळलं. ग्रामपंचायतीतून विहिरीत टाकायची पावडर आणली, ती टाकली, तर पाण्याला दवाखान्याचा वास यायला. ह्यातलं कशानं जातंय, कशानं न्हाई, ते लिही. काय तरी असंलच की. विष हाय तर उतारा बी असंल.

येळवसला येऊ नको. मी सांगते, येऊ नको. रातचं त्या लेकराचे ओठ डोळ्यापुढं येतात, आन् त्याच्या जागी तुझं लेकरू दिसतंय. माझ्याच हातानं मी दिलं असतं, आन् वर म्हणलं असतं, पी बाई, घरचं पाणी हाय.

तरी आलीस तर बरं वाटलं असतं. न्हाई, येऊ नको.

आज्जी

*

पुणे
शनिवार, १४ डिसेंबर

आज्जी,

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. "लेकरू वाचलं" एवढ्यावरच ती उठून आत गेली.

तू विचारलंस ते लिहिते. तुरटीनं गाळ बसतो, नायट्रेट नाही. फडक्यानं कचरा अडतो, हे नाही. पंचायतीची पावडर जंतू मारते, आणि हे जंतू नव्हेच. ते साखरेसारखं पाण्यात विरघळलेलं असतं. ते काढायचे रस्ते थोडे आहेत. एक, जारवाल्यांकडे असतं तसलं आरओ मशीन. त्यानं निघतं, पण बरंच पाणी वाया जातं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात काय वाया घालवणार? दुसरा, एका पिंपात बारीक मणी भरतात, त्यातून पाणी सोडतात. मणी नायट्रेट धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे, पुन्हा कामाला तयार. तिसरा रस्ता सगळ्यांत जुना: जिथलं पाणी चांगलं आहे तिथलं प्यायचं.

पण त्याआधी मला सांग, विहिरीच्या वरच्या अंगाला काय काय आहे? मला आठवतं तसं मी लिहिते. काठाला लागून उकिरडा. मी दहावीला होते तेव्हा बाबांनी संडास बांधला, त्याचा खड्डा विहिरीपासून हाकेवरही नाही, चार ढांगांवर. आणि पलीकडे कापूस, गहू, त्याला युरिया. शेणाचं, संडासाचं, खताचं, तिन्हीचं पाणी होऊन खाली झिरपतं ते विहिरीत उतरतं. आजोबांच्या विहिरीचा ह्यात काही दोष नाही. तिच्या उशाशी आपण काय आणून ठेवलं, ते बघायचं.

परभणीच्या एका कॉलेजातल्या मॅडमशी बोलले. त्यांचे विद्यार्थी गावोगावचं पाणी तपासत असतात. ते येतील. भक्ती नावाची एक मुलगी पुढं असेल. तिला लग्नाचं विचारू नकोस.

बाळ आता हसतं. डॉक्टर म्हणतात ते हसू नसतं, पोटातला वारा असतो. त्यांना काय कळतंय.

शिवानी

*

लिंबेवाडी
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

शिवानी बाई,

लग्नाचं विचारलं. पण मी न्हाई, तिनंच विचारलं, "आज्जी, तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं?" मग एकावरून दुसरं निघतंच की. भक्तीला परभणीचाच पोरगा पसंत हाय, घरी अजून सांगितलं न्हाई. तू बी कुणाला सांगू नको.

पाच पोरं-पोरी आली व्हती, येळवसच्या आधल्या आठवड्यात. कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची, जरा थांबायचं, ती गुलाबी होती. जितकं नायट्रेट तितकी गडद. गावातल्या सगळ्या विहिरी, बोअर बघितले. कुणाची पट्टी फिकी, कुणाची जरा जास्त. आपल्या विहिरीची पट्टी अशी निघाली, नवरीचा शालू! सगळा गाव काठाला उभा. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. तुझ्या आज्यानं पाणी लागलं त्या दिवशी गावाला गूळ वाटला व्हता. सगळ्यांत फिकी पट्टी नागनाथ स्वामीच्या माळावरल्या बोअरची. वर वस्ती न्हाई, खत न्हाई. आता तितून हांडा येतोय आपल्याकडं. विहिरीचं म्हशीला आन् भांड्याला.

भक्तीनं तुझ्या बापाला सांगितलं, उकिरडा हलवा, खालच्या अंगाला न्या, खाली फरशी करा. संडासाचा खड्डा बी बुजवून दुसरीकडं घ्या. तुझा बाप म्हणला, "उकिरडा आज्यापंज्यापासून तितंच हाय. हलवल्यावर घरातली लक्ष्मी जायची." मी म्हणलं, "शिवकांत, दिवाळीला उकिरड्यावर दिवा कोण ठिवतंय? मी. मग लक्ष्मीला कुठं जायचं ते मी सांगते. तू फावडं उचल." तीन दिवस गाडीनं वाहिलं. मी नव्या जागी पणती लावली, म्हणलं, माय, इथं ये, जागा ऐसपैस हाय, तितं लेकरांच्या पाण्यात तुझे पाय बुडायले व्हते. तुझा बाप अजून तोंडातल्या तोंडात पुटपुटायलाय. पुटपुटू दे, मला ऐकू येत न्हाई.

आता येळवसचं सांगते. रानात कडब्याची खोपटावानी कोप केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, चुना लावला. शेंगा-भाज्यांची भज्जी केली, आंबील केली, बाजरीचे उंडे केले. एवढं कुणासाठी केलं? तुझा बाप, मी आन् स्वामी. आंबील शिंपडत तुझ्या बापानं "ओलगे ओलगे" वरडत रानाला फेरी मारली, एकट्यानंच. तू लहान व्हतीस तवा त्याच्या पुढं पळायचीस. माझे डोळे सारखे पांदीच्या वाटंकडं. तू येणार न्हाईस हे ठाव व्हतं, मीच येऊ नको म्हणलं, तरी बी डोळे ते डोळे.

आन् पांदीतून कोण यावं? गोजरबाई! मागं विजयमाला, काखेला लेकरू. येळवसला कुणी बी कुणाच्या रानात जाऊन जेवावं, बोलावणं लागत न्हाई. आलेल्याला न्हाई म्हणता येत न्हाई, आन् येणाऱ्याला बी मोठेपणा सोडावा लागत न्हाई. लय शहाणा सण हाय बघ.

बसली. पत्रावळ वाढली.  मग पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठिवला. तिनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणलं, "माळावरल्या बोअरचं हाय." तिनं घटाघट पिलं, त्वांड पुसलं, आन् म्हणली, "पोराचं नाव अजून ठिवलं न्हाई. तूच निळा केला व्हतास, आता घनश्याम ठिवू का?"

विजयमाला आधी हसली. मग मी. हसता हसता माझं जे व्हायचं ते झालं. गोजरबाईनं लेकरू उचलून माझ्या मांडीत टाकलं. म्हणली, "घे. ओल्या डोळ्यानं जेवू नको, भज्जी खारट व्हईल."

जड हाय ग पोरगा. त्याला मांडीवर घेऊन बसले आन् तुझी लेक किती जड असंल, हे हातानं तोलत राहिले.

आज्जी

*

(पोस्टकार्ड)

लिंबेवाडी, २८ जानेवारी

शिवानी, पिंप आलं. कॉलेजवाल्यांनी मठाच्या ओसरीवर बसवलंय, सगळ्या गावाला. आत मणी हायत, पिवळट, भिजलेल्या साबुदाण्यावानी. वरून आपल्या विहिरीचं पाणी जातंय, खालच्या तोटीनं येतंय. दर आठवड्याला मिठाच्या पाण्यानं मणी धुवायचे, ते काम मी मागून घेतलं. ते धुतलेलं पाणी कुठं बी सांडायचं न्हाई, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात वाळवायचं, न्हाई तर धुतलेली चोरी परत विहिरीत. गोजरबाई म्हणती, देवाला नैवेद्य, आन् तुझ्या पिंपाला मीठ. बाटल्या दोन पाठवायलेय, एक विहिरीची, एक तोटीची. चिठ्ठी चिकटवलीय. तपासून कळव. खोटं कळवू नको. जागा संपली.

*

पुणे
सोमवार, १० फेब्रुवारी

आज्जी,

रिपोर्ट आला. आणि आता दहा दिवस थांबणार नाही, आजच लिहिते.

विहिरीचं अजून एकशे बाराच आहे. लगेच उतरणार नाही. जमिनीत इतकी वर्षं जे मुरलं ते धुऊन निघायला पावसाळे लागतील, दोन की पाच, कोणी सांगू शकत नाही. बाबांना सांग, तेच पाणी पिकाला द्या, त्यात खत आहेच, युरिया कमी टाका.

तोटीच्या बाटलीतलं चौदा आलं.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे पाणी चालेल. एक उकळी आणायची, जंतूंसाठी. आटवायचं नाही. आज्जी, एकच उकळी हं.

आम्ही शिवरात्रीला येतो. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं गंगाखेड, पुढं बाबा घ्यायला येतील. लिंग तेव्हाच बांधू या. पण एक बोलून ठेवते, मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या दुधाला लागणारं पाणी मी इथूनच घेऊन येईन. चौदा वाचलंय, मला कळतंय. पण त्या बाळाचं झाल्यापासून मला कळलेलं आणि मला वाटणारं ह्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. माहेरी येताना पाणी बरोबर घेऊन येणारी मी पहिलीच असेन. तू समजून घेशील.

शिवानी

*

लिंबेवाडी
आयतवार, २ मार्च

शिवानी बाई,

तुमची गाडी वळणाला गेली आन् सगळ्यांत आधी कोण आलं असंल? गोजरबाई. पाळण्याची दोरी सोडाया आली व्हती, मी सोडू दिली न्हाई. म्हणलं, राहू दे बांधलेली. ती म्हणली, "रिकामा पाळणा हालवू नको, लेकराचं पोट दुखतंय म्हणतात." मी हालवला न्हाई. नुसता हात ठिवून बसले.

तुमी चार दिवस व्हतात त्यात आपलं बोलणं झालंच कुठं? मला ऐकू येत न्हाई, तुला लेकरामागं फुरसत न्हाई. म्हणून तोंडानं सांगायचं राहिलेलं आता लिहिते.

तू पाण्याचा खोका गाडीतून उतरवलास तवा मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. तुझ्या बापानं तो परसदारी ठिवला, गोजरबाईच्या नजरेला पडू नये म्हणून. मी म्हणलं, ओसरीवर ठिव. आईनं लेकराचं पाणी संगं आणलं, त्यात लपवायचं काय? मी बी तवा असं बघून दिलं असतं तर बरं झालं असतं. तिला कोण बोललं तर मी हाय.

आन् मग शिवरात्रीची सकाळ. स्वामी बसले, लेकरू तुझ्या मांडीवर, नव्या झबल्यात. लिंग धुतलं, तीर्थाचा तांब्या पुढं आला, तोटीचंच पाणी, एक उकळी दिलेलं.  तुझे डोळे तांब्यावर व्हते, आन् हात लेकराच्या तोंडापाशी. मला ऐकू येत न्हाई म्हणून दिसतंय जास्त. मी कमरेला खोवलेली पट्टी काढली आन् तांब्यात बुडवली. भक्तीनं दिलेल्यातली ठिवली व्हती जपून. स्वामी म्हणले, "अम्मा, तीर्थाची बी तपासणी?" मी म्हणलं, "स्वामी, देवाला काय होत न्हाई. लेकराला होतंय." सगळे त्या पट्टीकडं बघायले. तुझा नवरा तर गुडघ्यावर आला. पट्टी जरा फिकी गुलाबी झाली, गुलाबाच्या आतल्या पाकळीवानी, आन् तितंच थांबली. तवा तू हात बाजूला घेतलास.

शिवरंजनी. कानात तुझ्या आईनं नाव सांगितलं तर मला बी ऐकू आलं, असं वाटलं.

तिनं तीर्थ चाटलं आन् त्वांड वाकडं केलं. तुझा बाप हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा जेवायच्या टायमाबिगर त्याचं त्वांड उघडलं.

घर आता कसं झालंय सांगू? म्हशी बी दाराकडं बघतात. तुझ्या आईनं परत आल्यापासून सारखी झाडलोट लावलीय, तिला बी करमत न्हाई, पण सांगायची न्हाई. माझ्या लुगड्याला पावडरच्या दुधाचा आंबट वास लागलाय. ते मी धुवायला टाकलं न्हाई. गोजरबाई म्हणती, "वास मारायलंय." मी म्हणलं, मला नाकानं बी कमीच कळतंय आताशा.

काल निघताना तू सगळ्यांच्या पाया पडलीस, पिशव्या गाडीत ठिवल्या, आन् मग म्हणलीस, एक मिनिट. मला वाटलं काय विसरलं. तू मठाकडं गेलीस. मी ओसरीवरून बघायले व्हते. तू तोटीखाली बाटली धरलीस. शिवरंजनीची, दुधाची. मग मोठी बी भरलीस. घरी आणून चुलीवर एक उकळी आणलीस, फडक्यानं झाकून पाणी गार केलंस, आन् बाटल्या भरून पिशवीत ठिवल्या, वाटेतल्या दुधासाठी. पुण्याचा खोका ओसरीवर तसाच. तीन बाटल्या उरल्यात. त्या तुझ्या नवऱ्याच्या ध्यानात आल्या, तू म्हणलीस, राहू द्या. ते तुझ्या ओठावरून कळलं मला.

तू मागं वळून बघितलं न्हाईस. बरं केलंस. माझं त्वांड बघण्यासारखं नव्हतं.

आज मणी धुवायचा दिवस हाय. विजयमाला मदतीला येती म्हणली, घनश्यामला घेऊन. खरंच तेच नाव ठिवलं गं त्यांनी.

गाडीत बसता बसता तुझ्या नवऱ्यानं माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, गावानं ऐकलं असंल. बसवजयंतीला येतो म्हणले. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. बुधवार हाय, ३० एप्रिल.

तुझी आज्जी